गोलातल्या सह्या

घाटकोपरच्या कॉलेजची अभ्यासिका डिसेंबरात अचानक दुपारी तीनलाच बंद व्हायला लागली. ती एका खासगी क्लासला भाड्याने दिल्याचं मुलांना दारातून परतवल्यावरच कळलं. तेजलची तर वाटच लागली. विक्रोळीच्या चाळीतल्या त्यांच्या एका खोलीत आईची शिलाई मशीन, आजारी काका आणि दिवसभर चालणारा टीव्ही होता. वही उघडायला तिला ही अभ्यासिकाच होती.

एस.वाय.ला राज्यशास्त्र शिकवायला गंधाली मॅडम होत्या. कंत्राटावरच्या, पण त्यांचा तास कुणी बुडवत नसे. त्या दिवसांत वर्गात युरोपातल्या ज्ञानोदयाचा काळ शिकवणं चालू होतं. पूर्वी राजाच्या एका चिठ्ठीवर माणूस तुरुंगात जायचा. आरोप काय, हेही त्याला कुणी सांगत नसे. मग लोक विचारू लागले, की सत्ता आमच्या संमतीवर उभी आहे, तर ती आमचं ऐकून का घेत नाही? आपल्या संविधानातल्या हक्कांमागे हाही झगडा आहे, असं मॅडम सांगायच्या.

तास संपल्यावर तेजलने त्यांना गाठलं. हे कॉलेजलाही लागू होतं का, असं विचारलं.

"का नाही? लेखी अर्ज करा," मॅडम म्हणाल्या. "आणि सह्या गोलात घ्या. पूर्वी जहाजावरचे खलाशी तसं करायचे. मग पहिली सही कुणाची, ते कळत नाही."

अभ्यासिका संध्याकाळपर्यंत उघडी ठेवावी, असा मजकूर तेजलने लिहिला, वर्गातल्या सौरभने तो टाइप केला. मॅडमनी त्यातले दोन कडक शब्द सौम्य केले. त्रेसष्ट सह्या झाल्या आणि अर्ज प्राचार्यांकडे गेला. सुरुवात तेजलची, हे त्या तिघांनाच ठाऊक होतं.

चौथ्या दिवशी शिपाई तिला बोलवायला आला. केबिनमध्ये प्राचार्य होते आणि बाजूच्या खुर्चीत गंधाली मॅडम. त्यांना बघून तेजलला धीर आला.

प्राचार्य म्हणाले, "मुलांना भडकवण्याची सुरुवात तू केलीस, असं कळलंय."

कुणाकडून कळलं, हे त्यांनी सांगितलं नाही. तेजलने मॅडमकडे पाहिलं. "मॅडम, तुम्ही सांगा ना. विनंतीच होती ना ती?"

मॅडम हातातला कागद सारखा करत होत्या. "मी फक्त अर्ज कसा लिहितात ते सांगितलं होतं सर. बाकीचं हिचं."

पुढे प्राचार्य बोलत होते ते तिला तुटक ऐकू आलं. तीन दिवसांत लेखी माफी, पालकांच्या सहीसकट. नाहीतर परीक्षेचा फॉर्म अडेल.

जिन्यावर मॅडम तिच्या मागे आल्या. जूनमध्ये त्यांना कायम करणार होते, घरात कमावणाऱ्या त्या एकट्याच होत्या. प्राचार्यांनी नाव मागितलं, तेव्हा काही सुचलंच नाही, म्हणाल्या. समजून घे, म्हणाल्या.

"नाव माझं होतं मॅडम," तेजल म्हणाली. "मला विचारलं असतंत, तर मी स्वतः जाऊन सांगितलं असतं."

घरी तिने सगळं वडिलांच्या कानावर घातलं. धोंडिराम एका कंपनीच्या गेटवर वॉचमन होते. तू काही वावगं केलं नाहीस, माफी कसली मागायची, असं ते म्हणाले. ऐकून तिला मोकळं वाटलं.

दोन दिवसांनी कॉलेजच्या ऑफिसातल्या वनमालाबाईंनी तिला एक कागद दाखवला. 'माझ्या मुलीच्या वतीने मी माफी मागतो.' खाली वडिलांची सही. सकाळी ड्यूटीवरून सुटून ते युनिफॉर्ममध्येच येऊन गेले होते.

"फॉर्म अडला असता तर?" संध्याकाळी ते म्हणाले. "मी गेटवर उभा असतो तेजू. कुणाचं ऐकतात, कुणाचं नाही, रोज बघतो मी."

"पप्पा, एकोणीस वर्षांची आहे मी. माझ्या वतीने म्हणजे काय? तुम्ही तर म्हणाला होतात, माफी कसली."

जेवून घे, एवढंच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तिने दोन ओळींचा अर्ज दिला. ही माफी माझी नाही, ती माझ्या नावावर धरू नये. वनमालाबाई जरा घुटमळल्या, पण त्यांनी तिच्या प्रतीवर शिक्का मारून दिला. त्यावर प्राचार्यांनी तिला पुन्हा बोलावलं नाही. फॉर्म घेतला गेला. अभ्यासिका मात्र तीनलाच बंद होत राहिली. तेजल आता विक्रोळीतल्या बुद्धविहारात, वरच्या हॉलमध्ये अभ्यासाला बसते.

वडिलांशी तिचं बोलणं पंधरा-वीस दिवसांनी हळूहळू सुरू झालं. मॅडमच्या तासाला ती शेवटच्या बाकावर बसायची. फेब्रुवारीत एकदा मॅडमनी सत्तेच्या विभाजनावर प्रश्न विचारला. कुणी उत्तर देईना, तेव्हा चाचरत म्हणाल्या, "तेजल, तू सांगतेस?"

ती उठली, पुस्तकात होतं तसं उत्तर दिलं आणि मॅडमकडे न बघता खाली बसली.