नागलीचा कौल

चिमणाबाई दर मे महिन्यात करवंदांची पाटी घेऊन सातपूरला आमच्या कॉलनीत येते. यंदा ती आली तेव्हा पाटीत फक्त डोक्यावर ठेवायची कापडाची चुंबळ होती. पायरीवर बसून तिनं आधी पाणी मागितलं आणि मग सांगितलं, की एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात डोंगरावरून वणवा उतरला आणि पेठ तालुक्यातल्या तिच्या बोरदांड पाड्यावरची सतरा घरं गेली. माणसं वाचली. गुरंही बहुतेक वाचली. करवंदीच्या जाळ्या, गवताच्या गंज्या आणि घराघरातली नागलीची कणगी जळाली. कणगी म्हणजे शेणानं लिंपलेली बांबूची मोठी टोपली. खायची नागली, म्हणजे नाचणी, तिच्यातच ठेवायची आणि पेरायचीही.

मदत आली होती. तीन टेम्पो भरून कपडे आले होते. चिमणाबाईच्या वाट्याला अकरा साड्या आल्या होत्या आणि त्यातल्या दोन जरीच्या होत्या. चिखलणी करताना काठ वर खोचावे लागतील, असं ती गंभीर चेहऱ्यानं म्हणाली.

"कपडं लय आलं, ताई," ती म्हणाली. "बी नाय आलं. पाऊस पडायच्या आत बी पाहिजे. पेरलं नाय तर वर्षभर खायाचं काय?"

घरटी दीड किलो बी लागतं. आकडा छोटा होता, पण तीस वर्षं बियाणं तपासण्याच्या प्रयोगशाळेत काढल्यामुळे मला त्यातली अडचण दिसत होती. नागलीचा जिवंत दाणा आणि मेलेला दाणा यांत डोळ्याला काही फरक दिसत नाही. दोन्ही दळता येतात, दोन्हींची भाकरी होते. पेरल्यावर मात्र एक उगवतो आणि दुसरा उगवत नाही, आणि ते कळेपर्यंत पेरणीची वेळ निघून गेलेली असते.

मी हे आमच्या भजनी मंडळाच्या बैठकीत सांगायला गेले. मंडळाच्या अध्यक्ष सुमनबाई. मूळच्या सायखेड्याच्या, गोदाकाठच्या काळ्या जमिनीत वाढलेल्या, मनानं मोठ्या आणि आवाजानंही. त्यांचं सगळं आधीच ठरलं होतं. वणव्यात होरपळलेल्या पाड्यासाठी मंडळ देवळात होम करणार होतं. एकवीस किलो समिधा, पाच किलो तूप. आगीत सापडलेल्यांसाठी आणखी एक आग लावायची, हे मला जरा विचित्र वाटलं, पण सातपूरच्या त्या सभामंडपात असं म्हणणारी मी एकटीच असते.

म्हणून मी वेगळंच बोलले. मी म्हटलं, "आमच्याकडे एक पद्धत आहे. धान्याला कौल लावायचा."

आमच्याकडे म्हणजे प्रयोगशाळेत, हे मी स्पष्ट केलं नाही.

सगळ्या पुढे सरकून बसल्या. कौल सगळ्यांना माहीत होता. देवाच्या अंगावर फूल किंवा तांदूळ चिकटवायचे आणि कुठल्या बाजूचं पडतं ते पाहून उत्तर घ्यायचं. मी सांगितलेला कौल असा होता: प्रत्येकीनं कुठून तरी नागली मिळवायची. त्यातले शंभर दाणे मोजून ताटलीत ओल्या कापडावर ठेवायचे, ताटली देवघरात ठेवायची, कापड सुकू द्यायचं नाही आणि आठ दिवस पाड्यासाठी प्रार्थना करायची. ज्या ताटलीतले पंचाहत्तर दाणे उगवतील, ते धान्य देवीनं पेरायला मान्य केलं. बाकीचं नाही.

तेजस्विनी म्हणून आमची चिटणीस आहे, बँकेत काम करते. ती सगळं लिहून घेत होती. ती म्हणाली, "काकू, शंभर कसे? एकशे आठ हवेत."

शंभर असते तर टक्केवारी सोपी गेली असती. पण सगळ्या एकशे आठवर अडल्या, तेव्हा मी मनात हिशोब केला. एकशे आठचे पंचाहत्तर टक्के म्हणजे बरोबर एक्क्याऐंशी. नऊ नवे एक्क्याऐंशी. हा आकडा मी जाहीर केला तेव्हा दोघीतिघींनी हात जोडले. इतक्या सहजपणे कुठलाही निकष मी आयुष्यात मंजूर करून घेतला नव्हता.

होम मागे पडला. पुढच्या चार दिवसांत कॉलनीतल्या बायकांनी नागलीसाठी अर्धा जिल्हा हलवला. कुणी हरसूलहून मागवली, कुणी सुरगाण्याच्या भाडेकरूला गाठलं. आमच्या खाली राहणारी सुरय्या मंडळात नाही, पण तिचा नवरा खाजाभाई टेम्पो चालवतो आणि मदत पाड्यावर तोच नेणार होता. तिनं नवऱ्याच्या ओळखीनं चार किलो आणली आणि मलाही ताटली ठेवता येईल का, असं दारात उभं राहून विचारलं. यावर सुमनबाईंनी अध्यक्ष म्हणून निर्णय दिला की ताटली देवीची आहे, दाणे कुणाचेही चालतील. सुरय्या रोज नमाज झाल्यावर कापडावर पाणी शिंपडायची.

सुमनबाईंची अडचण अशी, की सायखेड्याला गहू मिळतो, कांदा मिळतो, द्राक्षं मिळतात. नागली तिथं कुणी पेरत नाही. आणि अध्यक्षांचा वाटा सगळ्यांत मोठा हवा. त्यांनी एका किराणा दुकानदाराकडून तीस तीस किलोच्या दोन गोण्या उचलल्या. बाकी सगळ्या बायकांची मिळून जेवढी नागली होती, त्याहून ती जास्त होती. पाड्यावर गेल्यावर आधी त्याच गोण्या उघडल्या जाणार होत्या.

आठव्या दिवशी सकाळी सभामंडपात तेरा ताटल्या आल्या. मी भिंग आणि सुई घेऊन बसले. नागलीचा कोंब म्हणजे गवताचं अगदी बारीक, एकेरी, टोकदार पातं. मोजायला डोळे लागतात. एका ताटलीत नव्वद निघाले, एकीत शहाऐंशी. एकीत फक्त चाळीस. ती बाई रडवेली झाली, तेव्हा तिचं धान्य देवीनं स्वतःला जेवायला ठेवून घेतलं, असं तेजस्विनीनं तिला समजावलं. मला हे सुचलं नसतं. सुरय्याच्या ताटलीत एकशे एक. तेजस्विनीनं आकडा दोनदा विचारून लिहून घेतला.

मग सुमनबाईंची ताटली आली. तिच्यात एकशे आठच्या एकशे आठ उगवले होते, आणि प्रत्येक रोपाला फुलपाखरासारखी दोन गोल पानं होती.

बायकांमध्ये कुजबुज झाली. बाकी सगळ्यांना एकेरी पातं आणि अध्यक्षांना जोडपान! कुणीतरी ताटलीला हळद-कुंकू वाहिलं. मी भिंगातून बघितलं, पण भिंगाची गरज नव्हती. ती मोहरी होती. मोहरीचा दाणा आणि नागलीचा दाणा आकारानं जवळजवळ सारखे, आणि मोहरी तीन दिवसांत उगवते. मी मान वर केली. सुमनबाई छताच्या पंख्याकडे बघत होत्या.

मी काय म्हणणार होते? ही रोपं खोटी आहेत, असं म्हटलं तर पुढचा प्रश्न कौलावर येणार, आणि कौल तर मीच बनवलेला. खोट्या कौलात खोटी रोपं आली म्हणून तक्रार करायला मला तोंड नव्हतं. आणि कौल मोडला की होम पुन्हा उभा राहणार.

"एकशे आठ," मी म्हटलं, आणि तेजस्विनीनं लिहून घेतलं.

त्या दुपारी मी सुमनबाईंकडे गेले. त्या पोहे करायला लागल्या. मी ओट्याशी उभी राहिले. तेल तापलं, त्यांनी डबा उघडला आणि फोडणी तडतडली.

"मोहरी फार चांगली आहे तुमची," मी म्हटलं. "शंभर टक्के."

त्यांनी गॅस बारीक केला. पोहे टाकले, परतले. मग वळून म्हणाल्या, "आणि तुमचा कौल कुठल्या पोथीतला आहे हो, योगिनीताई?"

मी सांगितलं की पोथी सरकारी आहे आणि तिच्यात देवीचा उल्लेख नाही.

यानंतर आम्ही दोघींनी पोहे खाल्ले. खरं सांगायचं तर त्यांच्याकडून मला भांडण अपेक्षित होतं. पण त्या वेगळंच बोलल्या. पहिल्या पाच दिवसांत त्यांच्या ताटलीत फक्त सहा दाणे उगवले होते. त्या पहाटे उठून बसायच्या, पाड्यावरच्या लेकराबाळांसाठी मनापासून मागणं मागायच्या, आणि ताटली तशीच कोरी. वीस वर्षं देवळात भजन म्हणणाऱ्या बाईचं देवी ऐकत नाही आणि खालच्या सुरय्याचं ऐकते, हे बायकांना कसं सांगायचं? स्वतःला तरी कसं सांगायचं?

मला हे लक्षात यायला हवं होतं. दाण्यांची परीक्षा मी बायकांची परीक्षा करून ठेवली होती आणि त्यात नापास होण्याची सोय ठेवली नव्हती.

मी त्यांना म्हटलं, की ती नागली दोन उन्हाळे पत्र्याच्या गोदामात तापलेली असणार. दाण्याच्या आत जो जीव असतो तो उष्णतेनं जातो. त्यापुढे कुणीही, कुठल्याही देवाकडे, कितीही मागितलं तरी तो येत नाही. सुरय्याचा दाणा नवा होता, एवढंच.

"म्हणजे देवीचा काही संबंध नाही?"

"दाण्यापुरता नाही."

त्यांना बरं वाटलं आणि थोडं वाईटही वाटलं, असं मला दिसलं. मग मी मुद्द्यावर आले. बोरदांडला त्या गोण्यांतलं बी पेरलं गेलं तर सतरा घरं जूनभर कोऱ्या वाफ्याकडे बघत बसतील. तोवर बाकीचं बी खाऊन संपलेलं असेल आणि दुसऱ्यांदा पेरायला दिवसही नसतील.

सुमनबाईंनी पोह्यांच्या ताटल्या उचलल्या. "उद्या मी बघते," त्या म्हणाल्या. "तुम्ही मध्ये बोलू नका. तुम्हाला खोटं नीट बोलता येत नाही."

दुसऱ्या दिवशी सभामंडपात त्यांनी सांगितलं, की पहाटे त्यांना दृष्टांत झाला. जोडपान म्हणजे देवीचे दोन हात. एका हातानं वाढायचं, दुसऱ्या हातानं खायचं. तेव्हा अध्यक्षांची नागली पेरायची नाही. दळून पीठ करून न्यायची, पाडा चार दिवस जेवेल. एकीनं विचारलं की एवढं शंभर नंबरी बी दळायचं म्हणजे पाप नाही का. सुमनबाईंनी तिच्याकडे फक्त बघितलं. दोन्ही गोण्या त्याच दुपारी गिरणीवर गेल्या, आणि पिठाचे डबे परत येईपर्यंत सुमनबाई गिरणीच्या बाकावर बसून होत्या. शंका नको, म्हणाल्या.

मे संपायला दोन दिवस असताना आम्ही चौघी खाजाभाईंच्या टेम्पोतून बोरदांडला गेलो. पाड्याच्या वरचा डोंगर काळा होता. घरांच्या जागी ताडपत्र्या होत्या. दरवर्षी नागलीची रोपं करायच्या जागेवर पालापाचोळा आणून जाळतात, म्हणजे जमीन भाजते आणि राख मिळते. यंदा भाजणीचे कष्ट वाचले, असं चिमणाबाई म्हणाली आणि स्वतःच हसली. आम्हाला हसावं की नाही ते कळेना.

पीठ उतरवलं. बियांच्या पिशव्यांवर मी चिठ्ठ्या लावल्या होत्या: किती पैकी किती उगवले, तारीख, कुणाची. तेजस्विनीनं चिमणाबाईला कौलाची हकीकत सांगितली, एक्क्याऐंशीच्या आकड्यासकट. चिमणाबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग एकेका पिशवीत हात घालून मूठभर दाणे तळव्यावर पसरले, फुंकले, दोन-चार दाताखाली धरून चावले आणि पिशव्यांचे दोन ढीग केले. हे उताराला, हे खालच्या वावराला. चिठ्ठ्या तिनं वाचल्या नाहीत. सुमनबाईंनी मला कोपरानं ढोसलं.

निघताना सुमनबाईंनी वाफ्यापाशी उभं राहून डोळे मिटले आणि काहीतरी म्हटलं. सुरय्यानंही ओढणी डोक्यावर घेतली. मी माती हातात घेऊन ओल बघत होते.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात चिमणाबाईचा फोन आला. पाऊस वेळेवर झाला होता आणि बी उगवलं होतं. मी विचारलं की किती टक्के असेल अंदाजे.

"लय दाट आलंय," ती वैतागून म्हणाली. "पाय ठेवाया जागा नाय. शहरातलं बी, निम्मं तरी मरंल म्हणून मी समद्यांना दुप्पट टाकाया लावलं."

मी तिला सांगू पाहिलं की त्यासाठीच तर एवढी तपासणी केली होती. ती म्हणाली, ते खरं, पण तुमच्या ताटलीत पाखरं येत नाहीत, उंदीर येत नाहीत आणि तुम्हाला पुन्हा करवंदं विकाया मलाच यायचं हाय, तवा तुमचं बी मेलं असं तोंडावर सांगाया नको, म्हणून खात्री केली.

मग जास्तीच्या रोपांचं काय, असं मी विचारलं. ती तिनं उपटून जुड्या बांधून ठेवली होती आणि दुसऱ्या दिवशी टेकडीपलीकडच्या पाड्यावर पाठवणार होती. तिथली नऊ घरं त्याच वणव्यात गेली होती. तिथं अजून काहीच पोचलं नव्हतं. आम्ही चौघी त्या दिवशी बोरदांडला तीन तास होतो, आणि टेकडीपलीकडे काय आहे, हे आमच्यापैकी कुणीही विचारलं नव्हतं.

मी फोन ठेवला आणि सुमनबाईंकडे निघाले.