काडी माझ्या हातात आहे का गं?

मी एक जुन्या छत्रीची काडी आहे. मित्रांनो, माझी गोष्ट ऐकून तुमचा विश्वास बसायचा नाही. न बसू दे, मी सांगणारच.

ती छत्री होती एका बिशपांची. आमच्या इटलीतल्या कालाब्रियाच्या डोंगरावर एकदा असा वारा सुटला, की बिशप छत्रीसकट उडाले आणि थेट नुन्त्सियाताच्या अंजिराच्या झाडात अडकले. बिशप वाचले, छत्री मोडली. आमच्याकडे मोडकी छत्री कोणी टाकत नाही. नुन्त्सियाता तेव्हा नवी नवरी होती. तिने सगळ्या काड्या उपटून पाहिल्या आणि मला निवडलं.

तेव्हापासून मी आणि तिचा पोळपाट, आमची जोडी. कणकेच्या वळीवर मला ठेवायचं, तळव्यांनी एकदा लोळवायचं आणि अलगद ओढून काढायचं. मागे राहतो पोकळ पास्ता. काडी निघताना तो फाटला, की सासू नाक मुरडणारच. नुन्त्सियाताचा साठ वर्षांत फाटला नाही. आमच्या गावच्या संताच्या, सान रोक्कोच्या जत्रेत लोक तिचं ताट आधी शोधत.

मग गेल्या हिवाळ्यात तिची बोटं बधिर झाली.

"ओर्नेला, काडी माझ्या हातात आहे का गं?" तिने सुनेला विचारलं.

"आहे आई. बघा ना खाली."

"बघून कळतं. धरून कळत नाही."

ओर्नेलाने मला घेतलं, धुतलं आणि ओलीच ठेवलं. मी गंजले.

"काडीला पाणी लावलंस? आता मलाही भिजत घाल!" म्हातारी कडाडली.

"मग जत्रेला पाकिटातला पास्ता नेऊ या ना, आई."

"पाकिटातला? सान रोक्कोच्या मूर्तीच्या पायाशी बसलेला कुत्रासुद्धा तोंड लावायचा नाही!"

त्यानंतर मी कित्येक महिने खणात पडून होते. मला काही वाटलं नाही. लोखंडाला वाटत नसतं.

पण जत्रेच्या सकाळी चमत्कार झाला! नुन्त्सियाताची बोटं जागी झाली. तिने माझा गंज घासून काढला आणि दोन किलो पास्ता एकटीने वळला. एकही फाटला नाही! म्हणून सांगते मित्रांनो, आम्हाला पाणी लावू नका, कोरड्या फडक्याने पुसा, आणि वापरात ठेवा...

"खोटं!" पोळपाट ओरडला. "बिशप उडवलेस, मी गप्प बसलो. हे नाही चालायचं. त्या दिवशी म्हातारीचा हात माझ्यावर टेकलाच नाही. वळत होती ओर्नेला. म्हातारी शेजारी डोळे मिटून नुसता तुझ्या लोळण्याचा आवाज ऐकत होती. 'जोर कमी कर. हं, आता ओढ.' निम्मा फाटला. म्हातारीने फाटलेलासुद्धा जत्रेच्या ताटात घालायला लावला. आणि शेवटी तुला पुसून कोणी ठेवलं? ओर्नेलानेच. कोरड्या फडक्याने."