स्कर्टची अट

बर्नी डुडेकने शेवटचा स्कर्ट घातला होता तो वडिलांच्या अंत्यविधीला, आणि तोही दफनभूमीतून परतताना गाडीतच बदलला होता. त्याला आता नऊ वर्षं झाली होती. एरवी ती पॅन्टमध्येच असायची. फिलाडेल्फियातल्या केन्सिंग्टनच्या एका गालिच्यांच्या गिरणीत ती माग दुरुस्त करायची, आणि मागाखाली उताणं शिरून पाना फिरवणाऱ्या सहा फुटी बाईला स्कर्ट घाल असं सांगायची हिंमत गिरणीच्या मुकादमातही नव्हती.

ती हिंमत केली मिस्टर लिंडक्विस्ट यांनी.

हे गृहस्थ एकेकाळी सरकारी कचेरीत पुलांचे नकाशे काढायचे. ते 'तसे' आहेत असं वरिष्ठांच्या कानावर गेलं आणि एका दुपारी दोन शिपाई त्यांना दारापर्यंत सोडायला आले. दुसऱ्या कुणी दारू जवळ केली असती, यांनी नियम जवळ केले. चार जुलैला, म्हणजे देशाच्या स्वातंत्र्यदिनी, फिलाडेल्फियाच्या इंडिपेन्डन्स हॉलसमोर आपल्या माणसांनी फलक घेऊन दीड तास गोल फिरायचं असं 'तशा' माणसांच्या संघटनेत ठरलं, तेव्हा त्याची नियमावली लिंडक्विस्ट यांनी टाइप केली. माणसं जेमतेम चाळीस जमणार होती आणि नियम झाले होते एकवीस.

"मिस डुडेक, बायकांनी स्कर्ट घालायचा. गुडघ्याच्या खाली. पायात मोजे हवेत."

"आणि पुरुषांनी?"

"सूट, टाय, पॉलिश केलेले बूट."

"जुलैच्या उन्हात? निम्मे तर भोवळ येऊन पडतील."

"नीटनेटके पडतील. आपण नोकरीचा हक्क मागायला चाललोय, तेव्हा नोकरीवर ठेवावंसं वाटेल असं दिसायला हवं."

"माझ्याकडे नोकरी आहे. पॅन्ट घालूनच करते."

लिंडक्विस्ट यांना हसू आलं असेल तर ते त्यांनी मिशीतच दाबलं. "चालायचं असेल तर स्कर्ट. नाहीतर बाजूला उभ्या राहून बघा. आणि एक लक्षात ठेवा, कुणी काहीही बोललं तरी उलट उत्तर द्यायचं नाही. हसायचं नाही, वळून बघायचं नाही. उत्तर द्यायचं झालं तर मी देईन."

दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, घाला तुमची नियमावली चुलीत. बर्नीच्या जिभेवर ते आलंही होतं. पण तिला चालायचं होतं. दुसऱ्या महायुद्धात तिने दोन वर्षं लष्कराचे ट्रक दुरुस्त केले होते. नंतर एका मैत्रिणीची पत्रं कुणाच्या तरी हाती लागली, आणि 'नको असलेली' असा शेरा मारलेला निळा कागद देऊन तिला घरी धाडण्यात आलं. तिने आईला सांगितलं, फुप्फुसं नाजूक निघाली. तेव्हापासून एकोणीस वर्षं आई तिच्या सूपमध्ये हंसाची चरबी घालत होती. बर्नीची फुप्फुसं घोड्याला लाजवतील अशी होती, पण तिने ती चरबी मुकाट्याने गिळली होती. आता एक दिवस, दिवसाढवळ्या, तोंड न लपवता तिला रस्त्यावर चालायचं होतं.

तर आता प्रश्न होता स्कर्टचा. नोरीनचा स्कर्ट घालून पाहिला, तो मांडीशीच संपला. नोरीन टिअर्नी टेलिफोन कंपनीत ऑपरेटर होती आणि अकरा वर्षं बर्नीबरोबर एका घरात राहत होती. भाडं वाचावं म्हणून, असं दोघी सगळ्यांना सांगायच्या. मार्केट स्ट्रीटवरच्या दुकानात विक्रेत्या मुलीने बर्नीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "पडदे तिसऱ्या मजल्यावर मिळतात, मॅडम."

"आईकडे जा," नोरीन म्हणाली. "चर्चच्या अर्ध्या वस्तीचे लग्नाचे झगे शिवलेत तिने. तुझा स्कर्ट म्हणजे तिच्या हातचा मळ."

"आणि कशाला हवाय म्हणून सांगू?"

"खरं सांग."

"खरं सांगितलं तर संपलंच सगळं, नोरीन."

हे उगाच नव्हतं. पोर्ट रिचमंडमध्ये, आईच्याच गल्लीत, शिमान्स्कीबाईंच्या धाकट्याचं असंच कळलं होतं. बाईंनी त्याचे फोटो भिंतीवरून उतरवले आणि मला तीनच मुलं आहेत असं लोकांना सांगू लागल्या. होती चार. बर्नीची आई त्या दिवशी सांत्वनाला केक घेऊन गेली होती. दर रविवारी आईच्या स्वयंपाकघरात बसून गरम सूप प्यायचं, तिची बोलणी खायची, हे गेलं असतं तर बर्नीजवळ घर म्हणावं असं अर्धंच उरलं असतं.

तरी गुरुवारी ती गेली. आई टेबलावर पीठ लाटत होती. पिएरोगीसाठी, म्हणजे पोलिश करंज्यांसाठी, वाटीने गोल चकत्या पाडण्याचं काम चाललं होतं.

"आई, एक स्कर्ट शिवून देशील?"

आईच्या हातातली वाटी थांबली. "कुणाला?"

"मला."

वाण्डा डुडेक खुर्चीत बसली. तिने पिठाच्याच हाताने छातीवर क्रूस काढला, वर भिंतीवरच्या मेरीमातेकडे पाहिलं, आणि मग तोंडभर हसली.

"कोण आहे तो?"

"कोण कोण?"

"उगाच साळसूदपणाचा आव आणू नकोस, ब्रोन्या. एक्केचाळिसाव्या वर्षी बाई आपणहून स्कर्ट मागते ती काय हवा खेळवायला? पोलिश आहे ना? नसला तरी चालेल. कॅथलिक आहे ना? बरं, तेही राहू दे. दात आहेत ना त्याला?"

"आई, अगं..."

"कुठे नेतोय तुला?"

"इंडिपेन्डन्स हॉलला," बर्नीच्या तोंडून निघून गेलं. "रविवारी तीन वाजता. चालायला."

"चालायला!" आई एकदम खूष. "म्हणजे खर्चिक नाही. चांगलं लक्षण आहे. उभी राहा, माप घेऊ दे. पोट आत घे. अगं, किती गं ही उंची, तुझ्या बापाला मी तेव्हाच म्हटलं होतं."

त्याच क्षणी सांगून टाकायला हवं होतं. पण आई गुडघ्यांवर बसून, तोंडात टाचण्या धरून, गाणं गुणगुणत होती. वडील गेल्यापासून बर्नीने तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं. त्या आवाजावर घाव कसा घालायचा? बर्नी गप्प राहिली आणि त्या गप्प राहण्याची तिला स्वतःचीच चीड आली. शनिवारी संध्याकाळी स्कर्ट तयार झाला. गडद निळा, अंगाबरोबर बसणारा. खरं सांगायचं तर तो तिला शोभत होता, आणि याचाही तिला रागच आला.

रविवारी तीन वाजता सगळे जमले. पुरुष सुटाबुटात, केस चापून बसवलेले. बायकांच्या हातांत पांढरे हातमोजेसुद्धा होते. लांबून कुणाला वाटलं असतं की विमा कंपनीचं कर्मचारी संमेलन भरलंय. लिंडक्विस्ट यांनी प्रत्येकाचा टाय तपासला आणि बर्नीच्या हातात फलक दिला. 'समलिंगी माणसंही याच देशाची नागरिक आहेत.' अक्षरं टपोरी होती. पुलाचा नकाशा काढावा तशी मोजून मापून काढलेली.

"पुढच्या माणसापासून दहा फूट अंतर," ते म्हणाले. "आणि मिस डुडेक, स्कर्ट उत्तम आहे."

फेरी सुरू झाली. रस्त्यापलीकडे सुट्टीची गर्दी होती. हातांत छोटे झेंडे, आइस्क्रीम, कडेवर पोरं. पोलिसांनी मध्ये लाकडी अडसर टाकले होते. नोरीन त्या गर्दीत काळा चष्मा लावून, पर्यटक असल्यासारखी उभी होती. ओळीत यायची तिची सोय नव्हती. पेपरात फोटो आला असता तर टेलिफोन कंपनीने तिला दुसऱ्या दिवशीच काढलं असतं.

गोल फिरताना बर्नीला निम्मी फेरी हॉलच्या विटा दिसायच्या आणि निम्मी फेरी गर्दी. चौथ्या फेरीला विटा संपल्या, गर्दी समोर आली आणि त्या गर्दीत एक हॅट दिसली. जांभळी, वर रेशमी व्हायोलेट्सचा गुच्छ. ही हॅट ईस्टरला आणि लग्नांनाच बाहेर निघायची.

हॅटखाली आई होती. चोरून जावई बघायला आली होती.

 मागे दहा फुटांवर एक माणूस, पुढे दहा फुटांवर एक माणूस. थांबायची सोय नाही, हाक मारायची सोय नाही, मान वळवायचीही नाही. ती चालत राहिली आणि विटा आल्या.

पाचव्या फेरीला आईची नजर ओळीतल्या पुरुषांवरून फिरत होती. एकेकाला पारखून घेत होती ती. बिचारीचा तरी काय दोष? वीस-बावीस पुरुष, सगळे स्वच्छ, इस्त्रीतले, लग्नाच्या वयाचे, आणि त्यांतला एकही तिच्या उपयोगाचा नाही. त्यातल्या त्यात लिंडक्विस्ट तिला पसंत पडले असावेत. मिशांकडे बघून तिने मान डोलावली.

सहाव्या फेरीला तिला नोरीन सापडली होती. आई काहीतरी विचारत होती आणि नोरीनने चष्मा काढून हातात घेतला होता.

सातव्या फेरीला आई फलक वाचत होती. इंग्रजी ती हळूहळू, ओठ हलवत, एकेक अक्षर जोडून वाचायची. बर्नीने मनात म्हटलं, देवा, 'होमोसेक्शुअल' हा इतका लांब शब्द आहे, अर्ध्यातच सोडून देऊ दे. पण वाण्डा डुडेकने उभ्या जन्मात कुठलं शिवण अर्धवट सोडलं नव्हतं. तिने तो शब्द पूर्ण केला. मग नोरीनकडे पाहिलं. मग स्कर्टकडे.

विटा आल्या. आता जन्मभर विटाच दिसत राहिल्या तरी चालेल, असं बर्नीला वाटलं.

आठव्या फेरीला हॅट नव्हती. नोरीन एकटीच रडत होती.

संपलं, बर्नीला वाटलं. आता घरी जाऊन ती फोटो उतरवेल. तिला एकच तर मुलगी. आता विचारलं कुणी, तर काय सांगेल? मूलबाळ नाही? डोळ्यांपुढचे झेंडे धूसर झाले, पण डोळे पुसायलाही हात मोकळा नव्हता. दोन्ही हात फलकाला.

नववी फेरी गेली, दहावी गेली. अकराव्या फेरीला गर्दीतला एक घामेजलेला माणूस अडसरावर ओणवा झाला. मघापासून तो काहीबाही बरळतच होता. आता त्याला सूर सापडला.

"यांच्या आया कुठायत?" तो ओरडला. "काय हो सभ्य गृहस्थ, आईला माहितेय का? एकाची तरी आई इथे येऊन उभी राहील का? सांगा ना! आहे का कुणाची आई?"

गर्दी हसली. ओळीत कुणीही मान वळवली नाही. लिंडक्विस्ट यांनी घसा खाकरला. उत्तर त्यांनी द्यायचं होतं. पण त्यांच्या आईने चार वर्षांत त्यांच्या एकाही पत्राला उत्तर दिलं नव्हतं, हे संघटनेत सगळ्यांना माहीत होतं. 

"मी आहे."

आवाज मोठा नव्हता, पण स्वयंपाकघरातून गल्लीच्या टोकापर्यंत पोचायची सवय असलेला होता. हॅट गर्दीतून वाट काढत पुढे आली. आईच्या हातात कागदी पेल्यात लिंबू सरबत होतं. उन्हाने तिला घेरी आली होती आणि ती कोपऱ्यावरच्या सरबताच्या गाडीपाशी जाऊन बसली होती, हे नोरीनने नंतर सांगितलं.

त्या माणसाने तिच्याकडे पाहिलं. चर्चचे कपडे, हॅट, गळ्यात क्रूस. तो जरा गडबडला. "तुमचं कोण आहे यात, बाई?"

"ती. उंच. निळ्या स्कर्टातली."

"आणि लाज नाही वाटत तुम्हाला?"

"वाटते की," आई म्हणाली. "माझ्या पोरीला हे मला सांगायची एवढी वर्षं भीती वाटली, याची वाटते. आता तुम्ही बाजूला व्हा. मला ती दिसत नाहीये."

तो माणूस बाजूला झाला. का झाला ते त्यालाच ठाऊक. आईने हातातला पेला नोरीनच्या हातात दिला, अडसराला टेकून उभी राहिली आणि पोलिशमध्ये खणखणीत ओरडली, "ब्रोन्या! पाठीला पोक काढू नकोस!"

बर्नीला पळत जाऊन तिच्या गळ्यात पडायचं होतं. फलक फेकून द्यायचा होता, ओरडायचं होतं. "पुढे चला, मिस डुडेक," मागून लिंडक्विस्ट म्हणाले, आणि त्यांचाही आवाज ठिकाणावर नव्हता. अजून चाळीस मिनिटं बाकी होती. बर्नीने पाठ ताठ केली आणि ती चालत राहिली. विटा आल्या, गर्दी आली, पुन्हा विटा आल्या. आणि दर फेरीला आई तिथेच उभी होती.