गिम्बाड आजोबांचा अंगठा

मलाया, सिंगापूर, सारावाक आणि आमचा उत्तर बोर्निओ मिळून एक संघराज्य होणार होतं. डोंगरातल्या आम्हा दुसून लोकांची संमती घ्यायला गोरे साहेब आणि शहरातले पुढारी नदीकाठच्या सभागृहात आले होते. मी मिशनच्या शाळेतली मास्तरीण, त्यामुळे दुभाषी म्हणून मलाच बसवलं होतं.

अकरा गावांचे प्रमुख आले होते. गिम्बाड आजोबा तर चार दिवस चालत आले होते.

मी मसुदा वाचत गेले. जमीन आणि रूढी यांच्या कलमापाशी आले, "नवं सरकार यांचा विचार करील," आणि आजोबांनी हात वर केला.

"गिनाया, परत वाच."

मी वाचलं.

"माझी बायको ‘विचार करते’ म्हणाली, की मी समजतो, ‘नाही’ म्हणाली."

सगळे खो-खो हसले. साहेबांना मी सांगितलं, तेव्हा तेही हसले. शहरातले पुढारी लिम मात्र वैतागले.

"आजोबा, एका शब्दासाठी अख्खा देश अडवून धरता?"

"अडवत नाही रे बाबा. देश हवाच आहे. पण जमीन आमचीच राहील, एवढं लिहा. तुमचा शब्द तुमच्याबरोबर बोटीतून निघून जाईल. कागद इथं राहील."

"आम्ही शब्द दिलाय ना!"

"मग लिहायला काय हरकत आहे?"

आजोबा भिंतीला टेकून बसले. बाकीचे दहाही जण त्यांच्या शेजारी जाऊन बसले. दोन दिवस कोणीही अंगठा उठवला नाही. तिसऱ्या सकाळी साहेबांनी लेखणी मागवली, ‘विचार करील’ खोडलं आणि लिहिलं: जमीन आणि रूढी यांचा अधिकार आमच्याच राज्याकडे राहील, आमच्या संमतीशिवाय त्यात बदल होणार नाही.

मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. आजोबांनी तीनदा वाचून घेतलं. मग शाईत अंगठा बुडवून कागदावर असा दाबला, की टेबल हललं.

बाहेर घंटा वाजू लागल्या. तांदळाच्या दारूचा रांजण आला. आजोबांनी रांजणातून दारू ओढून प्यायची बोरूची नळी लिम यांच्या हाती दिली.

"घ्या, आधी तुम्ही. आता आपण एका देशातले!"

लिम यांनी डोळे मिटून असा लांब घोट घेतला, की बायकाही टाळ्या पिटत नाचायला उठल्या.