खाडीची ताजी माहिती

शिळ्या माहितीवर सरकारने नियम करायचा नाही असा कायदा झाला, आणि माहिती बर्फाच्या पेटीतून येऊ लागली. ती तपासायला मला तालुक्याच्या कचेरीत बसवलं. शाळा माझी दुसरीपर्यंत, तीही मास्तर कंटाळेपर्यंत. पण चाळीस वर्षं धक्क्यावर मासळी विकली आहे. माहितीलाही कल्ले असतात. उघडून बघायचे. लाल असले तर ताजी. मग अंगठ्याने दाबायची. खळगा भरून आला तर खरी. तसाच राहिला तर कुणीतरी घरी बसून लिहिलेली. यात न कळण्यासारखं काही नाही, तरी पदवीवाल्यांना कळत नाही.

गेल्या आठवड्यात माझ्या सख्ख्या भावाने दिलेली माहिती मऊ निघाली. मी ती मांजरांना टाकली. भाऊ बोलायचा बंद झाला. मला दुपारची झोप छान लागते.

मंगळवारी फणसळकर साहेबांनी पेटी उघडली. नियम लिहायचं काम त्यांचं. आत आमच्याच गावच्या खाडीची माहिती होती : खाडीत मासळी उरलेली नाही. तिच्यावरून नियम व्हायचा होता, की खाडीत जाळं टाकायचं नाही आणि धक्का बंद करायचा. सत्तर चुली आहेत आमच्या त्या धक्क्यावर.

मी कल्ला उचलला. आतून चिंचोक्यासारखा काळा. डोळे खोल गेलेले.

"अकरा वर्षांची आहे," मी म्हटलं. "त्या साली खाडी रुसली होती. पुढच्या साली आली की माघारी."

"आजी, तारीख गेल्या महिन्याची आहे."

"आजी तुमच्या घरी. मी गोमतीबाई. आणि बर्फ बदलला म्हणून मासा ताजा होतो का?"

साहेबांनी कायद्याचं पुस्तक काढलं. "नाकारणाऱ्याने ताजी माहिती आणायची, त्याच दिवशी, पाचच्या आत. नाहीतर हीच धरायची."

"आणते."

"तुकडा चालणार नाही. तुमचं गाव आहे, लोक म्हणतील निवडून आणली. अख्खी खाडी लागेल."

"लोकांचं म्हणणं मी जन्मभर ऐकलंय. एकालाही उत्तराशिवाय सोडलं नाही."

तीन वाजले होते. तीननंतर आमच्या खोलीच्या भिंती आत सरकतात आणि पाचला खोली मिटते. शिपायाने रोजच्यासारखं कपाट बाहेर काढलं. मी सुनेला फोन लावला.

"वैजू, खाडी घेऊन ये."

"आई, भरती लागलीय. जड होईल."

"मग शेजारणींना घे. भांडायला कशा गोळा होतात, तशाच बोलाव."

साडेचारला अकरा बाया खाडी घेऊन आल्या. काठ खांद्यावर टाकून, ओलं जाळं ओढावं तशी ओढत. वैजू पुढे होती, केस सुटलेले, पदर खोचलेला.

"वाटेत सांडली का?" साहेबांनी विचारलं.

"फौजदारांच्या अंगणात, ओंजळभर. त्यांच्या बायकोने शिंपल्यातल्या तिसऱ्या वेचल्या. मागितल्या तर म्हणते, अंगण आमचं."

साहेबांनी लिहून घेतलं : ओंजळभर कमी.

बायांनी खाडी आत सोडली आणि बाहेरून दार धरून ठेवलं. खोली आता दोन खाटांएवढी उरली होती, त्यामुळे पाणी लगेच गुडघ्याला आलं. पावलांना ओळखीचा चिखल लागला. मला फार बरं वाटलं. सुनेचा अभिमानही वाटला, पण तो बोलून दाखवला नाही. बोललं की सुना ढिल्या पडतात.

"आहे ना मासळी?" मी म्हटलं. "आता मारा शिक्का."

"आहे म्हणून भागत नाही. किती आहे ते लागतं. मोजणी झाली की शिक्का."

आणि ते मोजायला लागले. माणूस सरळ. भिंतीवर चढलेली चिखलातली निवटी मासळीसुद्धा त्यांनी सोडली नाही. पाणी छातीला आलं तेव्हा ते थबकले.

"ही बोई मघाशी येऊन गेली का?"

"ती मोजलीत. हिची शेपटी फाटकी आहे, ही वेगळी. पुढे चला."

"अजून किती असतील?"

"खाडी आहे साहेब, बशी नाही."

पाच वाजायला चार मिनिटं होती. दाराबाहेर बाया एकमेकींना दमात घेत होत्या, "सोडू नको गं, सोडू नको." मी टेबलावर चढले आणि शिक्का मारायचा कागद डोक्यावर धरला. टेबलाच्या दोन्ही कडांना भिंती टेकल्या होत्या. साहेबांच्या हनुवटीला पाणी लागलं, मग ओठांना. ते तसेच मोजत खाली गेले. शिक्का धरलेला हात तेवढा वर राहिला, कोरडा. मी वाकून कागद त्या हाताखाली नेला. मध्ये चार बोटांचं अंतर होतं, आणि खालून एकेक बुडबुडा वर येत होता, न चुकता, प्रत्येक माशामागे एक.