व्यंकट सरांच्या हॉलमधले समुद्रघोडे

व्यंकट सरांना मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. तीन वर्षं झाली, तरी त्यांचं होर्डिंग दिसलं की माझ्या तोंडात शिवी येते. आणि त्यांचं होर्डिंग नाही असा लातुरातला एक चौक दाखवा मला.

मी पंचशीला. गाव जळकोटकडचं, एम.एस्सी. नांदेडला केली, आणि आठ वर्षं सरांच्या क्लासमध्ये नीटच्या पोरांना बायोलॉजी शिकवली. त्यातल्या पहिल्या चार वर्षांत मी एक पुस्तक लिहिलं. चारशे साठ पानं, आकृत्यांसकट, सगळं हातानं. सर म्हणाले, "द्या, छापून घेऊ." छापून आलं तेव्हा कव्हरवर त्यांचा फोटो आणि त्यांचं नाव. माझं कुठंच नाही, आभारातसुद्धा नाही. विचारायला गेले तर सर खुर्चीत रेलून म्हणाले, "मॅडम, तुमच्या आडनावावर पुस्तक खपंल का? समजून घेत जावा जरा."

समजलं मला, चांगलंच समजलं. तळपायाची आग मस्तकात गेली. दुसरे क्लासवाले बोलवत होते, मी गेले नाही. गेले असते तर पुस्तक इथं त्यांच्याच नावावर राहिलं असतं. ते माझं आहे हे त्यांच्या तोंडून, चार लोकांसमोर वदवून घ्यायचं होतं मला. कसं ते माहीत नव्हतं.

मागच्या दिवाळीनंतर सरांनी बंगला बांधला. एके दिवशी स्टाफरूममध्ये मोबाइल घेऊन आले. "मॅडम, हे बघा. घोड्यावानी तोंड हाय याचं. आपल्या हॉलमधी हेच पायजे. रेणापूरचे पाव्हणे येडे झाले पायजेत बघून. एक एजंट आणून द्यायला तयार हाय, तुम्ही तेवढी टाकी लावून द्या."

समुद्रघोडा! मी त्यांच्या तोंडाकडं बघतच राहिले. समुद्रघोडा संरक्षित प्राणी आहे; तो पकडणं, विकणं, घरात ठेवणं गुन्हा आहे. हे मीच लिहिलंय, त्या पुस्तकात, पान दोनशे अकरावर, चौकट करून. म्हणजे या माणसानं ज्या पुस्तकावर स्वतःचा फोटो छापला ते उघडूनसुद्धा बघितलं नव्हतं! मला आतून इतकं हसू आलं की पाणी प्यायचं निमित्त करून बाहेर पडावं लागलं.

परत येऊन मी म्हणाले, "लावते की सर. छान दिसतील."

नांदेडला प्रयोगशाळेत खाऱ्या पाण्याची टाकी दोन वर्षं मीच सांभाळली होती. या माशाला उंच टाकी लागते, कारण तो उभाच पोहतो. मी अडीच फूट उंचीची काच सांगितली. पाण्याची धार मंद ठेवावी लागते, नाहीतर बिचारा दमून मरतो. शेपटीनं धरून राहायला आधार लागतो, म्हणून प्लॅस्टिकच्या फांद्या रोवल्या. लातूरचं ऊन काय विचारता, म्हणून पाणी थंड ठेवायचं मशीन बसवलं. मग आरओचं पाणी ड्रममध्ये भरून त्यात समुद्राचं मीठ ढवळत बसले, खारटपणा मापकानं मोजत. आणि सरांना सांगितलं, आता चाळीस दिवस मासा सोडायचा नाही. पाण्यात घाण पचवणारे जिवाणू तयार व्हावे लागतात, त्याआधी सोडला तर मरतो.

चाळीस दिवस हॉलमध्ये नुसतं पाणी. वास्तुशांतीचे पाहुणे येऊन टाकीत वाकून बघून गेले. सिंधू वहिनी, म्हणजे सरांच्या मिसेस, वैतागल्या. "अवं मॅडम, रिकाम्या पाण्याला लाइट लावून आम्ही काय बघावं? लोक हसायलेत की."

"हसू द्या वहिनी, थोडे दिवस," मी म्हणाले. मला कसली घाई होती!

मग तीन समुद्रघोडे आले, दोन माद्या आणि एक नर. खोटं कशाला बोलू, बघितल्यावर काळजात चर्र झालं. बोटाएवढा जीव, फांदीला शेपूट गुंडाळून माझ्याकडं एका डोळ्यानं बघत होता. त्यांना अन्न साठवायला जठर नसतं, दिवसातून तीनदा खायला घालावं लागतं. मी क्लासच्या आधी, मधल्या सुट्टीत आणि क्लास सुटल्यावर जाऊन बारीक कोळंबी घालत होते. माझं वैर त्या माणसाशी होतं. पण त्यांना आणू दिलं मी, हे खरंच आहे. तोंड उघडलं असतं तर ते समुद्रातच राहिले असते.

महिन्याभरात नराच्या पोटावरची पिशवी फुगली. समुद्रघोड्यात नर पिल्लं वागवतो, नीटच्या कुठल्याही पोराला झोपेतून उठवून विचारा. मी सरांना एवढंच म्हणाले, "सर, पिल्लं होणार आहेत. एक रील टाका की."

सर लगेच कोट घालून टाकीसमोर उभे राहिले. "ही टाकी मी स्वतः, माझ्या हातानं उभी केली. आणि आनंदाची बातमी अशी, की आपली मादी गरोदर हाय!"

शूटिंग मीच करत होते. हात हलू नये म्हणून ओठ दाताखाली दाबून धरला होता.

दोन दिवसांत ती रील अख्ख्या मराठवाड्यात फिरली. बायोलॉजीच्या क्लासचा मालक नराला मादी म्हणतो! पोरांनी खाली कॉमेंटांचा नुसता सडा घातला. सर्वांनी बघितली तशी वन खात्यानंही बघितली.

रविवारी सरांच्या हॉलमध्ये आम्हा आठ शिक्षकांची मीटिंग चालू होती. वहिनी चहा देत होत्या. तेवढ्यात वन खात्याच्या अधिकारी तनुजा मॅडम दोन माणसं घेऊन आत आल्या. त्यांनी टाकी बघितली, फोटो काढले आणि विचारलं, "कुणाची?"

"मासे हायेत मॅडम, शोभेचे," सर हसत म्हणाले. "यात काय गुन्हा हाय हे आपल्याला कसं म्हाईत असणार?"

तनुजा मॅडमनी पिशवीतून पुस्तक काढलं. माझं पुस्तक! "माझी भाची यातूनच अभ्यास करते," त्या म्हणाल्या आणि पान दोनशे अकरा उघडून सरांसमोर धरलं. "तुम्हीच लिहिलंय ना? मग माहीत नव्हतं कसं म्हणता?"

सरांनी चौकट वाचली. आयुष्यात पहिल्यांदा वाचली. आमच्याकडं बघितलं, वहिनींकडं बघितलं, आणि मग बोट माझ्याकडं आलं.

"मी न्हाई लिहिलं हो! आईशप्पथ न्हाई. सगळं या पंचशीला मॅडमनं लिहिलंय. माझं नुसतं नाव हाय वर. टाकीबी त्यांचीच. मला यातलं काईच कळत न्हाई!"

वहिनींनी चहाचा ट्रे टेबलावर ठेवला. तीन वर्षं मी या वाक्याची वाट बघितली होती, आणि ते इतकं सहज आलं की माझाच विश्वास बसेना.

तनुजा मॅडम माझ्याकडं वळल्या. "पुस्तक तुमचं आहे? नीट विचार करून सांगा. हो म्हणालात तर तुम्हाला कायदा माहीत होता आणि तरी टाकी लावली, असं मला लिहावं लागेल. नाही म्हणालात तर तुम्ही फक्त सांगितलं ते काम केलं."

सर मान हलवून मला खुणावत होते, हो म्हणा, हो म्हणा.

"माझं आहे," मी म्हणाले. "पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत माझं आहे. कायदा मला माहीत होता, टाकी मी लावली, लिहून घ्या. फक्त सर आत्ता जे बोलले तेही शब्दाला शब्द लिहा, आणि खाली त्यांची सही घ्या."

लिहिलं. सुटल्याच्या आनंदात सरांनी न वाचताच सही केली. सुटले नाहीत, घर त्यांचं आणि एजंटही त्यांचा; आरोपींत पहिलं नाव त्यांचंच लागलं. समुद्रघोडे नेताना थंड डब्यात कसे ठेवायचे, काय आणि किती वेळा खायला घालायचं, हे मी त्या माणसांना कागदावर लिहून दिलं.

आता दोघंही कोर्टाच्या तारखांना जातो. नोकरी गेली माझी, आई रोज रडते. पण त्या जबाबात सरांच्या सहीच्या वर लिहिलंय, की सदर पुस्तक माझे नसून पंचशीला मॅडम यांनी लिहिलेले आहे. आणि दोन नंबरची आरोपी म्हणून त्याची एक प्रत मला मिळाली आहे.