घट्ट झाकणाची बरणी

आमच्या साप्ताहिकात पाककृतीचं पान लिहिणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत. त्यांना एक खोड होती. अंक हातात आला की आपल्याला काहीच येत नाही असं समजून, छापलंय तस्संच त्या पदार्थ पुन्हा करून बघत. मी माझे विनोदी लेख छापून आल्यावर कधी उघडले नाहीत. प्रकृतीला सोसत नाही.

त्या रविवारी सकाळी मावशी पिठाच्या हातांनीच कचेरीत आल्या. संपादक आणि मी चहा पीत होतो.

"हे बघा काय छापलंत!"

ब्रेडरोलच्या कृतीत होतं: 'वाफेसाठी काचेच्या बरणीत पाणी भरावे व झाकण घट्ट लावून ती तापत्या ओव्हनमध्ये ठेवावी.' मावशींनी पाणी उघड्या ट्रेमध्ये ठेवायला सांगितलं होतं, बरणी गार झालेल्या रोलसाठी होती. ऐनवेळी साबणाची जाहिरात आली. संपादकांनी मधल्या ओळी कापल्या, उरलेल्या सांधल्या आणि घरोघरी स्फोटाची सोय केली.

"पुढच्या अंकात चूकदुरुस्ती देऊ की," संपादक म्हणाले.

"ती वाचायला लोकांचे डोळे राहू देत आधी."

"पण मावशी, ते पान वाचतं कोण?"

मावशींनी उत्तराऐवजी किराणावाल्याला फोन लावला. "यीस्ट आहे का हो?"

"कुठलं! दुकान उघडताच संपलं. आज गावाने मनावर काय घेतलंय?"

मी जन्मभर मंत्र्यांवर लिहिलं, एकही खुर्चीतून हलला नाही. या बाईने आमचा चहा संपायच्या आत गावातलं यीस्ट संपवलं होतं.

"पीठ फुगेपर्यंत कुणी ओव्हन लावणार नाही," मावशी म्हणाल्या. "तेवढाच वेळ आहे. उठा!"

इशारा द्यायला मला त्यांनी रेडिओ केंद्रावर पिटाळलं, त्यामुळे पुढचं ऐकीव. किराणावाला दुसऱ्या फोनवरून आठवेल तशी गिऱ्हाइकं सांगत गेला आणि मावशी एकेकाला फोन करत गेल्या. "आणि पहिलं पाकीट संपादकसाहेबांच्या सासूबाईंनी नेलं," तो म्हणाला.

संपादकांनी मावशींच्या हातातला फोन हिसकावून सासूबाईंना लावला.

"बरणी आत ठेवलीय, जावईबापू. आता बटण दाबणारच होते."

"झाकण लावून?"

"मावशींचं पान म्हणून लावलं. तुम्ही लिहिलं असतंत तर नसतं लावलं."

संध्याकाळपर्यंत कुठूनही वाईट बातमी आली नाही. पुढच्या अंकात कृती पुन्हा छापली, अख्खी. जागेसाठी माझा लेख कापला.

एकाही वाचकाने विचारलं नाही.